पडीक म्हटलेलं पठार

मी बारामतीत घरी बसून भाषांतरं करते. मागच्या वर्षी घाटमाथ्यावरच्या एका उदंचन प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत करायला आला. दोन तलाव, एक पठारावर, दुसरा पायथ्याला. दिवसा सौरवीज उरली की तिच्यावर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. मला ते पटलंही होतं. मग एक वाक्य आलं: वरचं पठार पडीक असून तिथे कोणाचाही वावर नाही.

ते पठार मी पाहिलेलं होतं. कन्हेरीचे माझे चुलते, आमचे आबा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हा त्यांचा मुक्काम तिथंच असायचा. आता आबा ऊस करतात, पण त्यांचा मुलगा अजून त्याच वाटेनं जातो.

हा अहवाल करणाऱ्या कंपनीत मी फोन केला. पाहणी भर पावसाळ्यात, दोन दिवसांत उरकलेली. पावसाळ्यात मेंढरं इकडं कोरड्या मुलखात असतात, हे कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा."

माझं डोकं फिरलं. काम अर्धवटच परत पाठवलं आणि कन्हेरीला जाऊन आबांना सगळं वाचून दाखवलं. पाणी वर-खाली करायची युक्ती त्यांना आवडली, त्यावर त्यांनी बरंच विचारलं. मग म्हणाले, "ह्यात आमी कुठं हाय?"

"न्हाय, आबा."

जनसुनावणीला आम्ही दोघं एसटीनं गेलो. आबा बोलायला उभे राहिले. टेबलामागच्या साहेबांनी गाव विचारलं आणि बारामती तालुका ऐकताच, हे बाधित नाहीत, म्हणून पुढच्याला बोलावलं. आबा खाली बसले. त्यांचं ते बसणं मला सहन झालं नाही. चारचौघांत कधी आवाज न चढवलेली मी थेट टेबलापाशी गेले. "यांचं म्हणणं लिहून घ्या. तोवर मी इथून हलणार नाही."

शेवटी लिहून घेतलं. अंतिम अहवालात त्याची एक ओळ झाली: एका मेंढपाळाने चराईबाबत विचारणा केली. 'पडीक' तसंच राहिलं.

यंदा चुलतभाऊ पठारावर पोचला तेव्हा त्याला मेंढरांचे फोटो काढायला सांगितले. रोज एक येतो, रोज मी तो जनसुनावणी घेणाऱ्या कार्यालयाला पाठवते. उत्तर एकदाही आलेलं नाही.