बिनमानपानाचा साखरपुडा

गेम थिअरी शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीचा साखरपुडा ठरवायला जाऊ नये.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्यात 'कैद्यांचा पेच' नावाचा माझा एक लाडका धडा आहे. (विद्यार्थ्यांचाही लाडका असावा. त्या तासाला ते अगदी शांत झोपतात.) आमची अनघा पुण्यात नोकरीला. तिथेच तिने तिचं तिचं जमवलं. मुलगा ऋषिकेश, तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराचा, गुणी आणि हसरा. आम्हाला नाव ठेवायला काही जागाच नव्हती, त्यामुळे सुलभा, म्हणजे माझी बायको, आठवडाभर थोडी अस्वस्थच होती.

अनघाची अट एकच होती. "बाबा, मानपान नको. कुणाला साडी नको, कुणाला टोपी नको. मला सासरी एकही रुसलेली आत्या नकोय."

तिच्या बोलण्याला कारण होतं. आमच्या लग्नात माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे कोरेगावच्या अक्काला, मानाची साडी जरा हलकी गेली. अक्काने ती बोटांत चोळून पाहिली, आणि तेव्हापासून ती आमच्या घरी मुक्कामाला राहिली नाही. येते, चहा घेते, जाते. अनघाला सख्खी आत्या असून आत्याचे लाड मिळाले नाहीत. ते पोरीच्या मनाला लागून राहिलं होतं. मी तिला शब्द दिला.

शब्द देऊन मी थेट व्याह्यांच्या बागेत गेलो. व्याही आबासाहेब म्हणजे दिलदार माणूस. त्यांनी चहा मागवला, मी विषय काढला. आता सरळ "मानपान नको" म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण फळा दिसला नाही तरी मला खडू दिसतो!

"आबासाहेब, समजा दोन चोर पकडले. पोलिसांनी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं. दोघं गप्प राहिले तर दोघांना थोडीच शिक्षा. एक फुटला आणि दुसरा गप्प राहिला, तर फुटलेला सुटणार आणि गप्प बसलेला अडकणार. दोघंही फुटले तर दोघांनाही भरपूर शिक्षा. आता त्यांनी काय करावं?"

आबासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, म्हंजे दोघांनी बी त्वांड बंद ठिवलं तर दोघांचं बी भलं?"

"बरोबर!"

"आन तरी बी ती फुटत्यात?"

"विश्वास नसतो ना एकमेकांवर!"

"मग असल्या गड्यासंगं चोरीला गेलाच कशापायी त्यो?"

(हा प्रश्न कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.)

मी घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर आलो. म्हटलं, हा खेळ पुन्हापुन्हा खेळायचा असेल तर सोपा उपाय आहे, 'जशास तसं'. सुरुवातीला आपण चांगलं वागायचं. मग समोरचा जसा वागेल तसं आपण वागायचं.

"आमच्या बांधावर रोज ह्येच चालतंय की!" आबासाहेब खूश झाले. "शिकवाय कशाला लागतंय?"

तर असा करार झाला. नवरीची साडी, नवऱ्याचे कपडे आणि अंगठ्या एवढंच. बाकी ना देणं, ना घेणं. मी म्हटलं, निदान बायकांना नारळ तरी देऊ या.

"न्हाई म्हंजे न्हाई!" आबासाहेबांनी हात वर केला. "नारळ दिला की त्याच्या मागनं खण येतोय, खणामागनं साडी येती, आन साडीमागनं भांडाण येतंय. आमी बी लय बगितल्यात!"

आम्ही हातावर हात मारला. कार्यालयही दोघांच्या मधल्या वाटेवर, उंब्रजला ठरवलं. यजमान कोणीच नाही, पाहुणा कोणीच नाही. मी घरी परतलो तो शांतता करार करून आल्याच्या थाटात.

सुलभाने सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळता मळता विचारलं, "आणि त्यांनी आणलं तर?"

"नाही आणणार. शब्द दिलाय."

"नाहीच आणणार हो. पण समजा आणलं तर? ते आपल्याला शाल पांघरणार आणि आपण काय, टाळ्या वाजवायच्या?"

मी तिला हसलो. मग अंघोळ करताना मी विचार करू लागलो. त्यांनी काही आणलं नाही आणि मी आणलं, तर बिघडत काहीच नाही, गाडीतलं गाडीत राहील. त्यांनी आणलं आणि मी नाही, तर मुलीच्या बापाचं नाक कापलं जाणार. म्हणजे ते काहीही करोत, मी आणलेलंच बरं! हा तक्ता मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलंय की फार विचार करणारा माणूस शेवटी दगा देतो. तरीही मी संध्याकाळी गुपचूप बाजारात गेलो आणि टॉवेल-टोप्यांचा एक गठ्ठा आणून डिकीत स्टेपनीच्या कडेला दडवला. मनाला सांगितलं, हा दगा नव्हे, हा विमा आहे.

साखरपुड्याच्या सकाळी अनघाने सामानावरून नजर फिरवली. "बाबा, डिकीत काय आहे?"

"स्टेपनी."

(खोटं नव्हतं. स्टेपनी होतीच.)

सुलभाच्या हातात एक भलीमोठी पिशवी होती. "फराळाचं आहे," ती कुणी न विचारताच म्हणाली. कोरेगावहून आलेली अक्का गाडीत बसली ती मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून. रस्ताभर आम्ही तिघंही इतके गप्प होतो, की अनघाला वाटलं आम्हाला तिच्या लग्नाचं वाईट वाटतंय.

साखरपुडा मात्र देखणा झाला. अंगठ्या घातल्या, साखर वाटली, फोटो निघाले. मुलाकडच्या मंडळींत एकच व्यक्ती अशी होती की जिच्यासमोर आबासाहेबही दबून होते. त्या त्यांच्या थोरल्या बहीण, आटपाडीच्या सुमनआत्या. उंच, ताठ, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. आजूबाजूच्या बायका त्यांना विचारल्याशिवाय हसतही नव्हत्या. अनघा माझ्या कानात म्हणाली, "बाबा, या एकदा आनंदात गेल्या की मी सुटले."

आणि ते अगदी जमत आलं होतं! जेवणं अखेरीला आली होती. आता व्याह्यांना आग्रह नको का? मी मठ्ठ्याची किटली घेऊन आबासाहेबांपाशी गेलो.

"नगं सर, लय झालं."

"अहो, एवढासा!"

"न्हाई, खरंच नगं!" म्हणत त्यांनी ग्लासवर हात ठेवला. पण हात ठेवला म्हणून थांबला तर तो आग्रह कसला? मी हाताच्या फटीतून ओतायला गेलो. हाताने ग्लास हलला, ग्लासने किटली हलवली, आणि तो सगळा मठ्ठा आबासाहेबांच्या इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, कोथिंबिरीसकट!

"कापड! कापड आणा कुणीतरी! माझ्या डिकीत गाडी पुसायचं आहे!" मी ओरडलो. जावईबापू बिचारे इतके तत्पर, की मी खिशातून काढलेली किल्ली घेऊन पळालेच. परत आले ते एक कोराकरकरीत टॉवेल घेऊन, आणि आल्या आल्या त्यांनी तो वडिलांच्या खांद्यावर टाकला. टॉवेलच्या घडीतून पांढरी टोपी निघाली आणि आबासाहेबांच्या ताटात, जिलेबीवर जाऊन बसली.

पंगत थांबली.

आमच्याकडे खांद्यावर टॉवेल आणि समोर टोपी याचा अर्थ एकच होतो, आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो. आबासाहेबांनी टोपी उचलली. तिचा पाक निथळू दिला. मग माझ्याकडे इतक्या दुखऱ्या नजरेने पाहिलं, की मला पळून जावंसं वाटलं.

"सर... ठरलं हुतं न्हवं आपलं?"

"आबासाहेब, हे पुसायला आहे!"

"टोपीनं कोन पुसतंय?" ते उठले. "ऋषी, आपल्या गाडीतली पेटी आन!"

पेटी! मी विम्याचा गठ्ठा आणला होता, त्यांनी पेटी भरून आणली होती! त्यात शाली, फेटे, साड्या. "तुमीच शिकीवलंय न्हवं, जशास तसं!" म्हणत त्यांनी माझ्या अंगावर शाल टाकली. एक जण माझ्या डोक्याला फेटा बांधू लागला. हे बघताच सुलभाच्या फराळाच्या पिशवीतून साड्या बाहेर पडल्या! मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्या टॉवेलांकडे पाहिलं. तेवढ्यात अक्काच्या पिशवीतून खण आणि नारळ निघाले, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघणं बंद केलं.

पुढे काही कुणाच्या हातात राहिलं नाही. त्यांनी साडी दिली की आम्ही साडी, आम्ही टोपी दिली की त्यांचा फेटा. गुरुजींना दोन्हीकडून शाल मिळाली. वाढपी टोप्या घालून भात वाढत होते. कार्यालयाचे मॅनेजर "हॉल रिकामा करा" सांगायला आले आणि फेटा बांधून परत गेले.

"आबासाहेब, ऐका!" मी फेट्याच्या शेमल्याआडून ओरडत होतो. "जशास तसंमध्ये हाच धोका आहे! एकाकडून नुसती चूक झाली तरी दोघं एकमेकांची परतफेड करतच बसतात! आता कुणीतरी एकाने माफ करून थांबलं पाहिजे!"

"माफ केलं की सर! आधी ह्यी दुसरी शाल घ्या!"

शेवटी पेटीचा तळ दिसला, आमचा गठ्ठा संपला, पिशव्या रिकाम्या झाल्या. सगळे घामाघूम होऊन थांबले. आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच दिसलं की पंगतीच्या टोकाला सुमनआत्या एकट्या बसून शांतपणे ताकभात संपवत होत्या. खांद्यावर काही नाही. ओटीत काही नाही. पुढ्यात खणसुद्धा नाही!

सगळ्या गोंधळात प्रत्येकाला वाटलं होतं की आत्यांचा मान दुसऱ्या कुणी केला असेल.

सुलभाने पिशवी उलटी करून झटकली. आबासाहेबांनी पेटीत हात घातला, त्यांच्या हाताला डांबरगोळी लागली. मी अनघाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, एवढंच मागितलं होतं, आणि ते मला देता आलं नाही. दोन शाली आणि एक फेटा अंगाखांद्यावर घेऊन मी उभा होतो आणि मला स्वतःची फार लाज वाटत होती.

आत्यांनी हात धुतले. पदराला पुसले. आणि त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"आवं सर, काय ठरलं हुतं तुमचं?"

"काही... काही द्यायचं नाही. काही घ्यायचं नाही."

"म्या काय दिलं?"

"काही नाही."

"मला काय मिळालं?"

"काही नाही," मी पुटपुटलो.

"मंग!" आत्यांनी कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या हॉलवर नजर फिरवली. "येवढी शिकल्याली मानसं, येवढी बागायतदार मानसं, आन शबुद पाळनारी म्या एकलीच निगाली व्हय रं?" आणि त्या हसू लागल्या. अशा हसल्या, की त्यांना विचारल्याशिवाय न हसणाऱ्या बायकाही हसू लागल्या. त्यांनी आबासाहेबांच्या डोक्यावरच्या टोपीला एक टपली मारली. मग अनघाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "रडतीस कशापायी गं? लुगड्यावर रुसाय म्या काय बारकी पोर हाय? मला सून पायजे हुती, ती घावली की!"

अनघा त्यांच्या गळ्यात पडली. मी मान फिरवली, तर शेजारी अक्का उभी. हातात नुकतीच मिळालेली साडी, बोटं तिचा पोत बघायला सरसावलेली. ती बोटं तिथेच थांबली. तिने साडीची नीट घडी घातली आणि पदराने डोळे टिपले. परत येताना मी विचारलं, "अक्का, गाडी आधी कोरेगावला घेऊ?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नको. आज राहते तुमच्याकडे." सुलभाने मागच्या सीटवर तिचा हात धरला. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, तो काही फेट्यामुळे नव्हे.

माझ्या तक्त्यात, सगळे दगा देत असताना एकट्याने शब्द पाळणाऱ्यासाठी एक चौकोन असतो. त्यात मी आजवर शून्य लिहीत आलो. (पुस्तकात अशा माणसाला एक नावही आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि आत्यांच्या तोंडावर म्हणण्यासारखं तर मुळीच नाही.) परवाच्या तासाला खडू त्या चौकोनापाशी अडला. मी तो मोकळाच सोडला.

पुढे लग्नाची तारीख धरायला दोन्हीकडची मंडळी आमच्या घरी बसली. सगळा कारभार आत्यांकडे सोपवायचं ठरलं. आत्या म्हणाल्या, "करती. पर माजी येकच अट हाय. लगीन लागंपत्तुर सरांनी कुनाला काय बी समजावून सांगायचं न्हाई. मंजूर आसंल त्यांनी हात वर करा."

मी मोठ्या आशेने सुलभाकडे पाहिलं, अनघाकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. कुणी कुणाशी कुजबुजलं नाही, कुणी क्षणभरही विचार केला नाही, साताऱ्याचे आणि सांगलीचे सगळे हात एकदम वर गेले! इतकं निर्मळ, निःशंक सहकार्य मी उभ्या नोकरीत फळ्यावरसुद्धा घडवून आणू शकलो नव्हतो. ते कसं घडलं हे मला सगळ्यांना समजावून सांगायचं होतं, पण आता बंदी आहे.