वेदीवरचा मोगरा

चर्चच्या दारात चपला काढल्या की काकांचा उजवा हात आपोआप वर जायचा, घंटा शोधायला. घंटा सापडली नाही की तोच हात डोक्यावरून फिरवत ते म्हणायचे, "अरे हो, इथं नसते." इतकी वर्षं तिथं फुलं पोचवली, पण हात काही सुधारला नाही.

अमरावतीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं फुलांचं दुकान होतं. मोगरा घरच्या मळ्यातला. मी शाळेत चित्रकला शिकवतो. कमानी काढायच्या म्हणून एकदा त्यांच्या टोपलीमागोमाग त्या जुन्या दगडी चर्चमध्ये शिरलो. टोकदार कमानी, उंचच उंच छत, रंगीत काचांतून फरशीवर पडलेलं निळं-तांबडं ऊन. मी पेन्सिल काढली, तर काका खेकसले, "मास्तर, कागदात काय पाहून राहिले? वर पाहा ना गा!"

पाहिलं. मान दुखेपर्यंत पाहिलं.

मग नवे फादर आले. खऱ्या फुलांचा कचरा होतो म्हणून त्यांनी वेदीवर प्लास्टिकची फुलं मांडली. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. धंद्याचं काही अडत नव्हतं, मोगरा देवळांतच संपायचा. "पाहुण्याले बोलावून रिकामं ताट वाढलं ना हे!" एवढंच ते म्हणत राहिले.

पण गडी मोठा बेरकी. फादरना म्हणाले, "निदान धूळ त झटकू द्या." फादर भोळे, हो म्हणाले. शनिवारी काका फडकं घेऊन गेले आणि रविवारी प्रार्थना संपल्यावर बायका वाकून वाकून प्लास्टिक हुंगू लागल्या! एका आजींनी तर दुकानाचा पत्ता विचारला. फादरनी गुच्छ उचकून पाहिला. आत मोगऱ्याचा गजरा.

काकांना बोलावणं गेलं. मजा बघायला मीही गेलो.

"काका, हे काय?"

काकांनी शांतपणे क्रुसाकडे बोट दाखवलं. "मी नाही जी. यायनंच मांगतला. मले म्हने, वास कुठी गेला?"

फादरना हसू आवरेना. प्लास्टिक त्याच दिवशी कपाटात गेलं.

गेल्या उन्हाळ्यात, मोगऱ्याच्या ऐन बहरात, काका गेले. त्या शनिवारी काकू माझ्यासोबत आल्या, पण चर्चच्या फाटकाबाहेरच थांबल्या, रिकाम्या हातांनी.

"फादर, आमाले सुतक हाय. आमच्या घरचं फूल देवाले चालत नाही. तवरिक तुमचे कपाटातले लावा."

सुतक म्हणजे काय, ते मी फादरना समजावलं. ते काकूंकडे वळले.

"मग ते आम्हालाही आहे, काकू."

सुतक फिटेपर्यंत त्या वेदीवर एकही फूल नव्हतं.