मलमलचा हात

माझ्या वडिलांना गिऱ्हाइकं ‘मलमल’ म्हणत. वस्तरा गालावरून फिरला तरी कळायचं नाही, असा हात. आमच्या सलूनात दोन खुर्च्या. आतली बाबांची, दाराजवळची माझी, त्यांच्या लेकीची. केस कापायला लोक माझ्याकडे बसत, पण दाढी म्हटली की बाबांसाठी ताटकळत. मला राग यायचा. पण बोलणार काय, हात होताच तसा.

तोच हात कंपवाताने थरथरू लागला. आधी अंगठा, मग मनगट. एकदा गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर ओरखडा उठला आणि त्याच दिवशी बाबांनी वस्तरा पेटीत ठेवून दिला. गोळ्यांनी जेमतेम भागायचं. घरी बसून माणूस नुसता चिडचिडा झाला. कप काठोकाठ का भरला, म्हणून आईवर उखडायचे.

मग मोठ्या इस्पितळात नवा प्रयोग सुरू झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळ पेशी कवटीला भोक पाडून मेंदूत सोडायच्या. त्या रुजल्या तर हात ताळ्यावर येईल, अशी आशा. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. निम्म्या रोग्यांना खऱ्या पेशी, निम्म्यांची नुसती कातडी कापून शिवायची, आणि कोणाला काय मिळालं हे प्रयोग संपेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही.

“निम्मे तर निम्मे,” बाबा म्हणाले. त्यांचं डोकं मीच भादरलं.

काही महिन्यांनी हात थांबला. खरंच थांबला, मी डोळ्यांनी पाहिलंय. पेटीतला वस्तरा बाहेर आला आणि पहिला गळा दिला काकाने, बाबांच्या धाकट्या भावाने.

“दादा, कापलंस तर वहिनीच्या हातचा चहा तेवढा सुटेल माझा,” असं म्हणत त्याने मान मागे टाकली आणि चक्क घोरायला लागला. बाबांचे डोळे भरून आले. पुढे काका ही गोष्ट ज्याला त्याला ऐकवत सुटला आणि जुनी गिऱ्हाइकं परतली. आई मात्र हळूहळू दुकानात यायचीच बंद झाली. गुडघे दुखतात म्हणायची.

एक दिवस एक नवखा माणूस चकोट करायला बाबांच्या खुर्चीत बसला. केस उतरले तशा डोक्यावर दोन खुणा दिसल्या, बाबांच्या होत्या त्याच जागी.

“तुम्हीसुद्धा?” बाबांनी विचारलं.

“हो की! मला खऱ्या मिळाल्या. प्रयोग संपला ना, सगळ्यांना फोन करून सांगितलं त्यांनी. तुम्हाला नाही आला?”

बाबांचं बोट त्या खुणेवर थांबलं. कातडीखाली हाड खोलगट होतं, बोटाचं टोक आत बसत होतं. मग त्यांनी आपल्या डोक्यावर हात नेला. तिथे हाड सपाट होतं.

“नाही आला,” ते म्हणाले आणि राहिलेलं डोकं सफाईने पुरं केलं. तेव्हाही हात हलला नाही.

घरी विचारल्यावर कळलं, फोन आला होता. आईने घेतला होता.

“अहो, तुमचा हात थांबला होता,” ती म्हणाली. “मी सांगून तो परत हलवू?”

“माझ्या डोक्यात काही घातलेलं नाही हे तुला ठाऊक होतं. आणि मी रोज लोकांच्या गळ्याला वस्तरा लावत होतो. एखाद्याची नस कापली असती म्हणजे?”

“कापली का?”

“दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो,” ते म्हणाले. “तुला काय म्हणू?”

मला दोघांची कीव यायला हवी होती. मला आईचा संताप आला.

सकाळी काका छाती काढून हजर. “पेशी गेल्या खड्ड्यात. कर दादा, दाढी कर.”

बाबांनी फेस लावला. वस्तरा उचलला. हात स्थिर होता, मी बघत होते. पातं टेकायच्या आत काकाची मान मागे सरली. तसूभरच.

“गुदगुल्या झाल्या रे,” काका हसला.

बाबांनी आरशात पाहिलं होतं. त्यांचा अंगठा हलायला लागला, मग मनगट. त्यांनी वस्तरा मिटून माझ्या हातात दिला. “तू कर.”

“काका, घरी जाऊन तोंड धुवा,” मी म्हणाले आणि टॉवेल त्याच्या अंगावर फेकला.

आता रोज सकाळी बाबांची दाढी मी करते. हात मांडीवर थडथडत असतो, पण मान ते माझ्यापुढे निर्धास्त टाकतात. आई कोमट टॉवेल घेऊन शेजारी उभी असते. दाढी झाली की ती फेस पुसायला हात पुढे करते, आणि बाबांची मान मागे सरते. तसूभरच. मग ती टॉवेल माझ्याकडे देते.