त्याच्या बाकावरची माणसं

माझी डावीकडची दाढ ज्यानं काढली, त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाई विरघळेल म्हणून कुणी वाट बघायला नको.

मी कोल्हापूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवरा तिकडं फाउंड्रीत होता, आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. लग्न झालं, मग सासरे थकले आणि आम्ही नवऱ्याच्या गावी, डोणगावला, येऊन शेती धरली. इथं मला नावानं कुणी हाक मारत नाही. 'कोल्हापूरवाली' म्हणतात. मुळात स्वभाव भित्रा, त्यात माहेर एवढं लांब. बँकेत साहेबांनी नुसतं मान वर करून बघितलं तरी माझे तळहात ओले होतात.

दाढ सुजली तेव्हा मोठी जाऊ मला तालुक्याच्या गावी त्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिकडचा जुना दवाखाना, सगळे तिथंच जायचे. बाहेर लांब बाक, मध्ये अर्धवट पडदा. आतल्याचं ओरडणं बाकावर बसलेल्यांना ऐकू यायचं आणि ते आपापल्या गालाला हात लावून खाली बघायचे.

मी खुर्चीत बसले आणि थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाला, "दोन पोरं झाली ना? मग एका दाढेचं काय कौतुक?" मग पडद्याबाहेर बघून, "सोबत कोण आहे? या, हात धरा."

ही तिथली रीतच होती. नवरा असो, सासू असो, सोबत येईल त्यानं पेशंटचे हात दाबून धरायचे. माझी जाऊ आली. निंदणी-खुरपणी करणारे हात तिचे. इंजेक्शन दिलं आणि लगेच त्यानं पक्कड उचलली.

मी म्हटलं, "डॉक्टर, अजून कळतंय मला."

"कळत नाही. तुला वाटतंय."

मला काय वाटत होतं ते मलाच माहीत. मी किंचाळले. बाहेर कुणीतरी हसलं. दाढ हातात घेऊन हा माणूस पडद्याबाहेर गेला आणि बाकावरच्यांना म्हणाला, "बघा, ही कोल्हापूरची वाघीण!" मग सगळेच हसले. मी तोंडात कापूस धरून त्यांच्यासमोरून चालत गेले.

घरी जावेनं नक्कल करून दाखवली. "अव माय, तांबडा रस्सा पेणारी बाई अन् दाताले भेते!" आठवडाभर येणारीजाणारी बाई माझ्या तोंडाकडं बघून हसायची. तेव्हाच ठरवलं, जसं मला चार लोकांत हसं केलं, तसं त्यालाही त्याच्याच बाकासमोर करायचं. कसं, ते माहीत नव्हतं. भाकरी थापताना, कापूस वेचताना मी त्याला काय काय सुनवायचे. तोंडातून आवाज मात्र निघायचा नाही.

पुढं उजवीकडची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली. मी कुणाला सांगितलंच नाही. गाल फुगून डोळ्यापर्यंत आला तेव्हा नवऱ्यानं मोटारसायकलवर घातलं आणि एका नव्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. तरुण मुसलमान मुलगी, तालुक्याचीच. औषधाच्या दुकानावर, जिना चढून दवाखाना.

तिनं तोंड उघडायला सांगितलंच नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "इतक्या भेता, म्हणजे आधी काढला असन ना एक? काय झालतं तवा?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आज काहीच करत नाही. गोळ्या देते, सूज उतरू द्या. फक्त खुर्चीत बसून पाहा, कशी वाटते." छोटा आरसा माझ्या हातात दिला, मीच माझी दाढ बघितली.

पुढच्या खेपेला तिनं हिरडीवर आधी काहीतरी चोळलं, मग सुई, आणि मग नुसती बसून राहिली. बोटानं टोचून विचारायची, "आता कळतं?" कळतं म्हटलं की आणखी थांबायची. "डावा हात वर केला की मी थांबणार. काऊन केला ते सांगायचं पण नाही."

मी दुखत नसताना हात वर केला. ती थांबली. पुन्हा केला. पुन्हा थांबली. खात्रीच करायची होती मला. एक मोठं माणूस, शिकलेलं माणूस, माझ्या एका हातावर थांबतंय! डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ती घाबरली, "दुखलं काय हो ताई?" मी नाही म्हणून मान हलवली. दाढ दुखल्यावाचून निघाली. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

आणि बदला कसा घ्यायचा तेही तिथंच कळलं. गावात कुणाचा दात दुखला की मी सोबत जायला लागले. काळी-पिवळी जीपमधून उतरलं की आधी त्याचा दवाखाना लागतो. मी माणूस त्याच्या दारावरून पुढं ताईंकडं घेऊन जायचे. पण तो आत असायचा, त्याला काय कळणार? माझं समाधान होईना.

मग एके दिवशी जावेची दाढ सुजली. गालाला पदर बांधून माझ्याकडं आली. "चाल व माह्यासंग, त्या तुह्या पोरीकडं."

"चला की, अक्का."

उतरलो आणि मी तिला त्याच्याच बाकावर बसवलं.

"अव, हा तं जुनाच दवाखाना! इथं काऊन?"

"बसा जरा."

पडद्याआड कुणीतरी ओरडलं. जाऊ माझ्या दंडाला चिकटली. मनात म्हटलं, बसू दे, कळू दे. तेवढ्यात तो बाहेर आला. बाक भरलेलं होतं.

"कोण आहे पुढं?"

मी उठले. या वेळी आवाज निघाला. "कोण नाही. चला अक्का. इथं माणूस कळतंय म्हणालं तरी ओढतात आणि वर बाहेर येऊन हसतात. पलीकडं औषधाच्या दुकानावर ताई आहेत, त्या सांगितल्यावर थांबतात."

त्याचं तोंड लाल झालं. "कोण गं तू?"

त्याला आठवतही नव्हतं! "वाघीण," मी म्हटलं.

बाकावरची एक म्हातारी नातवाला घेऊन उठली. मागोमाग एक पागोटेवाले बाबा. "कोनतं दुकान म्हनली व तू?"

डॉक्टरीणबाईनं जावेची नाडी बघितली आणि भुवया वर केल्या. जावेनं सगळं सांगितलं. तशी डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळली. "भांडायचं होतं तं एकटं जायचं ना, ताई. भ्यालेलं माणूस कशाले नेलं? आज सुई नाही देत यांना. गोळ्या घ्या, गुरुवारी या."

लागलं मला ते. बोलणारी ती होती म्हणून जास्तच लागलं. जावेला आणखी तीन रात्री ठणका काढावा लागणार होता.

परतीच्या काळी-पिवळीत जाऊ माझ्याकडं सरकली. मग गाल धरून हळूच म्हणाली, "त्याचं थोबाड पाह्यलं काय व? टमाट्यावानी!" हसली आणि कळ येऊन कण्हली. मग म्हणाली, "मले मुद्दाम बसवलं ना तू तिथं?"

"हो."

"लय खुनशी हाएस व."



गुरुवारी दाढ निघाली. जावेला कळलंसुद्धा नाही. परत जाताना रस्ता त्याच्या दारावरूनच होता. मी जरा हळू चालले, बाकावर कोण कोण उरलंय ते बघत.

"चाल ना, सुईचा असर उतरला, ठनकून राह्यलं!"

"बघू द्या की अक्का," मी म्हटलं.