मिठातली गाठ

नाना सुतारांचा उजवा हात सोमवारी कापायचा, असं आमच्या सर्जनसाहेबांनी ठरवलं ते माझ्या रिपोर्टवरून. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धुळ्याच्या दवाखान्यात मी नवा होतो. मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात आणि डोकं आभाळात.

नाना धरणगावचे. मनगटाच्या वर कातडीत लिंबाएवढी गाठ. तिथल्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. असा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप करायचे, ते रंगवून स्लाइडवर पाहायचे. साध्या गाठीत पेशी शहाण्यासारख्या दिसतात. कॅन्सरमध्ये त्यांची केंद्रं काळी, वेडीवाकडी होतात. मला सगळी काळीकुट्ट दिसली. ‘सार्कोमा’, म्हणजे एक वाईट जातीचा कॅन्सर, असं छातीठोकपणे लिहून मी मोकळा झालो.

शनिवारी नानांची बायको सखूअक्का माझ्या दारात आली. ज्यात तिने तुकडा आणला होता ती चिनीमातीची बरणी तिला परत हवी होती. खरं तर बरणी पाहूनच मला नवल वाटायला हवं होतं. तुकडे येतात ते बाटलीत, फॉर्मलिनमध्ये. ते औषध पेशी जशाच्या तशा टिकवतं आणि नाकाला झोंबतं. त्या आठवड्यात मला सर्दी होती, म्हणून तो वास नाही हे कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी बाटली दिली नव्हती का, असं मी आता विचारलं.

“दिन्ही व्हती. तिनं पानी डोयाले झोंबे. फेकी दिन्हं मी. मिठनं पानी कयं नि बरनीमा ठेवं. कैरी वरीसभर टिकस, हाई दोन दिन टिकाव नही का?”

मीठ कैरीतलं पाणी ओढून घेतं आणि फोड आक्रसते. पेशींचंही तेच. आक्रसलेली केंद्रं काळी, वाकडी दिसणारच.

साहेब तापट. तरी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं.

“म्हणजे मी लोणच्याच्या भरवशावर हात कापणार होतो?”

“हो, सर.”

“मग उभे काय राहिलात? दुसरा तुकडा घ्या. बाटली स्वतः भरा.”

भरली, दोनदा वास घेऊन. पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी स्लाइडवर मऊ, नागमोडी तंतू दिसले आणि त्यांत फिकट, सडपातळ केंद्रं. न्यूरोफायब्रोमा. मज्जातंतूच्या वेष्टणातून वाढलेली, कुणाचं वाईट न करणारी गाठ. मी एकटाच खुर्चीत हसत बसलो.

हात राहणार, फक्त गाठ काढायची, हे नानांना सांगितलं. चूक माझी होती तेही सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ उजव्या हाताची बोटं उघडत, मिटत राहिले.

“रंधा, वाकस, पटाशी, बठ्ठं पुतण्यासले वाटी टाकं मी,” ते म्हणाले. “आते परत कसं मांगू?”

अक्का म्हणाली, ते काम तिचं. टाके निघायच्या आत तिने हत्यारं गोळा केली, एक पटाशी सोडून.

तेव्हापासून कुठलाही तुकडा आला की मी आधी तो आणणाऱ्याला विचारतो, कशात घालून आणला. उत्तर मिळेपर्यंत मायक्रोस्कोपवरचं फडकं काढत नाही.