वाघोलीच्या बाराव्या मजल्यावर वारा रडतो म्हणे

आधीच सॉरी. शुद्धलेखन माझं पहिल्यापासून कच्चं, शाळा नववीत सुटली, आणि मी एका बोटाने टाइप करते. एवढं लिहायला तीन दिवस गेले. समोरासमोर मला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, म्हणून इथे लिहितेय. रागात लिहितेय, तेही सांगून ठेवते.

मी कर्वेनगरला मामाच्या दुकानात काम करते. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, मच्छरजाळ्या. काम करताना कानात भुताच्या गोष्टी चालू असतात, मोबाइलवर पोरं सांगतात ना, तसल्या. मागच्या आठवड्यात एक लागली. वाघोलीच्या एका सोसायटीत बाराव्या मजल्यावर एकटी बाई राहायला आली आणि तेव्हापासून तिच्या घरातून रडणं ऐकू येतं. "हा आवाज खरा आहे, मी स्वतः दाराबाहेर उभं राहून रेकॉर्ड केलाय," असं म्हणून त्या पोराने आवाज लावला. उऊऊऊ.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मामाला ऐकवलं. मामा मान वर न करता म्हणाला, "शटरला ब्रश नाहीये."

सरकत्या खिडकीच्या काचेच्या पल्ल्याला आम्ही शटर म्हणतो, त्याच्या कडेला एक केसाळ पट्टी असते, ती ब्रश. ती गेली की फटीतून वारा शिट्टी मारतो. एवढंच भूत. मी हसले आणि लाइक पण केलं.

संध्याकाळी वैशालीताईचा फोन. (नाव बदललंय.) माझी मावसबहीण, चार वर्षांच्या ओवीला घेऊन एकटी राहते. वाघोलीला. बाराव्या मजल्यावर. रडत होती. "सगळे म्हणतात मी आल्यापासून फ्लॅट बिघडलाय. मालक म्हणतो महिनाअखेर खाली करा." चार वर्षांतलं हे तिचं पाचवं घर. एकट्या बाईला कोणी घर देत नाही, आमचं आडनाव ऐकल्यावर तर आणखीच देत नाही. ओवीचं शाळेचं अॅडमिशन याच पत्त्यावर झालंय.

म्हणजे मी लाइक केलेली ती बाई ताई होती. मामाकडून ब्रशचं बंडल, सिलिकॉनची ट्यूब आणि रविवारची सुट्टी मागून घेतली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. कर्वेनगरहून बसने नळस्टॉप, दहा रुपये. तिथून मेट्रोने शेवटपर्यंत, रामवाडी. तीसच्या आसपास, आणि एसी. खिडकीशी बसा, नदीवरून जाते. रामवाडीच्या पुढे खरा प्रवास चालू होतो. नगर रोडला रविवारी पण ट्रॅफिक. शेअर रिक्षात मागे आम्ही चौघी, मांडीवर माझी पिशवी आणि अर्धी दुसरीची. केसनंद फाट्याला उतरून मिसळ खाल्ली. "दादा, तिखट आहे का?" विचारलं तर म्हणाला, "मिसळ आहे." चांगली होती. घाम पुसत खाल्ली.

रिक्षात मी सगळे भुताचे पिक्चर आठवत होते. प्रत्येकात वारा. पडदा फुगतो, दिवा विझतो, पाचोळा गोल फिरतो, खिडकी आपटते. आणि एकाही पिक्चरमध्ये कोणी उठून खिडकीची कडी बघत नाही! भूत दाखवायला मेकअप लागतो, वाऱ्याला टेबलफॅन पुरतो, म्हणून घेतात. मी पण घाबरायचे लहानपणी, खोटं कशाला बोलू. वारा दिसत नाही आणि आवाज माणसासारखा काढतो, भीती वाटणारच. पण पिक्चर संपला की लाइट लागतो. ताईच्या बिल्डिंगमध्ये लाइट लावायला कोणी तयार नव्हतं.

गेटवर वॉचमन म्हणाला, "बाराशे तीन? एकटीच जाणार वर?" मी मान हलवली. "बरं. लिफ्ट चालू आहे," म्हणाला, जसं काही माझ्यावर उपकार.

ताईने भात लावला होता. ओवीने मला तिची सगळी चित्रं दाखवली. तीन वाजेपर्यंत काही नाही. मग पश्चिमेचा वारा सुटला आणि हॉलच्या खिडकीने सुरुवात केली. खरं सांगते, माहीत असून अंगावर काटा आला. बाई हुंदके देते तसंच. वर्षभर फ्लॅट बंद होता, दारं सगळी लावलेली, म्हणून वाजत नव्हता. ताई फेब्रुवारीत आली, वारा एप्रिलमध्ये आला, आणि लोकांनी दोघांची गाठ मारली.

फट नेमकी कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही. मामाने शिकवलंय, उदबत्ती पेटवून शटरच्या कडेने हळूहळू फिरवायची, जिथे धूर एकदम आत वळतो तिथे फट. ताईकडे बुद्धमूर्तीपुढे उदबत्तीचा पुडा होताच. वारा आरपार जायला हवा म्हणून ताईने मेन दार उघडं ठेवलं. मी स्टुलावर चढून उदबत्ती फिरवत होते, आणि मागे बघते तर दारात एक पोरगा मोबाइल धरून उभा. तोच, चॅनलवाला, ताईने ओळखलं. नवव्या मजल्यावर राहतो. मी काही बोलायच्या आत पळाला.

दहा मिनिटांत सेक्रेटरीकाका आले. "काय चाललंय हे? ग्रुपवर व्हिडिओ आलाय. मांत्रिक बोलावलाय म्हणे."

"अहो काका, ही माझी बहीण. खिडकी बघतेय," ताई म्हणाली.

"खिडकी उदबत्तीने बघतात? तुमच्यात हे असलं चालतं का?"

तुमच्यात. आमच्या पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा अंगारे, धुपारे, अंगात येणं सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. आमच्यात तेवढंच नाही चालत. बाकी बिल्डिंगमध्ये लिंबू-मिरची नसलेलं दार मला तरी एकच दिसलं, ताईचं. हे सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. शेवटी कसंबसं म्हणाले, "काका, इथे बोट ठेवा."

"कुठे?"

"इथे. दाबा."

त्यांनी दाबलं. रडणं बंद.

"काढा."

चालू.

पाच वेळा केलं त्यांनी, लहान मुलासारखं. ओवी हसायला लागली. "अच्छा," ते म्हणाले. "आमच्याकडे खालच्या मजल्यावर पण वाजतं थोडं. पण आमचा फ्लॅट हवेशीर आहे ना."

ऐका! तोच वारा, त्याच कंपनीची खिडकी. त्यांच्याकडे वाजली तर हवेशीर, ताईकडे वाजली तर बाई अपशकुनी.

मी दोन्ही शटर काढली, जुना ब्रश उपटला (उंदराने खाल्ल्यासारखा झालेला), नवा बसवला, फ्रेम आणि भिंतीमधल्या फटीत सिलिकॉन भरलं. खाली पाणी जायची भोकं असतात ती बुजवायची नाहीत हां, नाहीतर पावसात हॉलमध्ये तळं. सहा वाजता बाहेर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने आडवे होत होते आणि आत शांत. ताई सोफ्यावर बसून नुसती ऐकत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप. सेक्रेटरींनीच टाकलं होतं: "१२०३ मध्ये आज विधिवत शांती करून घेण्यात आली आहे. रहिवाशांनी घाबरू नये." खाली हात जोडलेले पन्नास. मग मालकाचा मेसेज: "शांती केली हे बरं केलं. राहा आता."

मी ताईचा फोन ओढला. "ब्रश झिजला होता" एवढंच लिहायचं होतं.

ताईने हात धरला. "नको सोनू."

"अगं पण तू त्यांना खोटं..."

"मी काहीच बोलले नाही. तेच बोलले. मला सहावं घर शोधायला लावू नकोस."

मी फोन दिला. काय करणार.

घरी यायला साडेनऊ वाजले, तोच रस्ता, उलटा. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा नवा व्हिडिओ आला. पाठमोरी मी, हातात उदबत्ती, खाली "मांत्रिक मुलगी". पुढे संध्याकाळचं पण शूटिंग होतं, ताईचं बंद दार, आणि त्यावर वारा रडतोय. तेव्हा खिडकी गप्प होती. मी स्वतः गप्प केली होती. आवाज त्याने वरून टाकला. लाइक काढून घेतलं मी, त्याने काय फरक पडतो. आता कामाला बसते तेव्हा कानात काही नसतं.

सोसायटीतून तीन जणांनी ताईकडे माझा नंबर मागितलाय. आमच्याकडे पण जरा शांती करा म्हणून. मामा म्हणतो जा, खिडकीचे पैसे घे आणि गप्प ये. मी जाणार नाही. ताई म्हणाली ब्लॉगवर लिही, पण सोसायटीचं नाव नको, फ्लॅटचा नंबर बदल. बदललाय. ती तिथेच आहे. ओवीची शाळा जूनमध्ये चालू होईल. या ट्रिपमधून एवढंच चांगलं हाताला लागलं, आणि तेही खोट्याच्या जिवावर. मला ते गिळता येत नाहीये.

अरे, हे टाइप करता करता आत्ता दहावीचा निकाल लागला! माझ्या भावाला ७१ टक्के! आई पेढे आणायला पळाली पण.