लिंबाच्या वासाची मिरची

पोशीरला आमच्या परसात ते रोप मीच लावलं, तेव्हा बोल तरी कुणाला लावणार? शेजारच्या फार्महाऊसवर राखणीला असलेल्या बाईने ते दिलं होतं. मिरच्या पिवळ्याधमक, करंगळीएवढ्या, आणि मोडली की थेट लिंबाचा वास. पहिला ठेचा केला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "लिंबू कशाला पिळलंस गं?" मी पिळलंच नव्हतं. मग तिखट चढलं आणि त्या नाक पुसत दुसरी भाकरी घेऊन बसल्या.

झाड लगडलं तसा त्यांनी नियम काढला. "मिरचीला एकच हात मानवतो. दुसऱ्यानं तोडली का झाड रुसतं." झालं! तेव्हापासून तोडायची मी, वाटायची मी. माहेरी लोधिवलीला गेले तरी संध्याकाळी परत. कुत्र्याला साखळी बांधतात, मला मिरची बांधली होती.

अशात कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. सोमवारपासून बस फाट्यावर येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मला स्वतःसाठी काहीतरी हवं होतं, आणि फार हवं होतं. नवरा "तुमचं तुमी बघा" म्हणून मोकळा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आनि झाड?"

नेमकी त्याच आठवड्यात माझी पाळी आली. आमच्याकडे त्या दिवसांत बाई झाडाला शिवत नाही; एरवी ते चार दिवस ठेच्याविनाच जायचे. त्यातच पाहुणे आले, त्यांना ठेचाच हवा. नाइलाजाने सासूबाईंनी माझ्या धाकट्या जावेला तोडायला लावलं. मी ओटीवर बसून मनात म्हटलं, तोड बाई, चांगली ओरबाड. मग रोज सकाळी लांबूनच झाड बघायची. एक पान गळलं नाही. उलट पांढऱ्या फुलांनी भरलं.

रविवारी न्हाऊन मी सासूबाईंना हाताला धरून परसात नेलं. "बघा आई, रुसलंय का?"

त्यांनी वाकून एका फुलाला बोट लावलं.

"नाय रुसलं," त्या म्हणाल्या. "झाड जगंल गं कुनाच्या पन हातानं. मी नाय जगायची तुज्याशिवाय."

भांडायला मी शब्द जमवून ठेवले होते. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

सोमवारी बस फाट्यावर हॉर्न वाजवून गेली. धाकटी परसात मिरच्या तोडत होती. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते.